संवेदनशील कोणाला म्हणायचं?

गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी आमच्या आळीच्या तोंडाशी बांबू उतरायचे. दुपारी टेम्पो यायचा, दोघे जण पहारीने खड्डे घ्यायचे, दिवेलागणीपर्यंत आडवा बांबू बांधून व्हायचा आणि त्याच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून दोन होमगार्ड बसायचे. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य असायचं: 'शहरातील संवेदनशील भागांत चोख पोलीस बंदोबस्त.' आळीच्या एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला दत्ताचं देऊळ आणि मध्ये आम्ही पस्तीस-चाळीस घरं. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी तिथे दगडफेक झाली होती. नंतर काहीच झालं नाही, पण यादीत चढलेलं आळीचं नाव कधी उतरलं नाही.

एका वर्षी समोरच्या घरातल्या चाचींनी होमगार्डला चहा नेऊन दिला आणि विचारलं, "साहेब, आमच्या आळीनं काय केलंय?" तो बिचारा गोंधळला. "काही नाही मावशी, यादीत नाव आहे." "यादीत का आहे?" "ते वरून येतं." चाची कप घेऊन परत आल्या. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. पेठेतल्या माझ्या मैत्रिणींना त्या आठवड्यात आमच्याकडे यायला बंदी असायची. त्यांच्या आयांच्या तोंडात 'तुमचा तो भाग' असे शब्द असत. आमच्या घरात मात्र तोपर्यंत 'संवेदनशील' म्हणजे चांगला गुण होता. माझे काका कविता करायचे, त्यांना सगळे संवेदनशील म्हणायचे. एकच शब्द काकांना शोभतो आणि आळीला डाग लावतो, हे मला तेव्हा उमगलं नाही. आज पन्नाशीत हा लेख लिहिते आहे तो त्या कोड्यापायी.

शब्दाची घडण पाहा. 'विद्' म्हणजे जाणणे. त्यातून वेद आला आणि वेदनाही आली. वेदना म्हणजे आज आपण फक्त दुखणं समजतो, पण मुळात ते जाणवणं आहे. संवेदन म्हणजे पुरतं जाणणं, आणि शील म्हणजे अंगात मुरलेली सवय. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'स्वसंवेद्या' आहे, स्वतःच स्वतःला जाणणारा. म्हणजे तेरावं शतक सरताना तो ओवीच्या तोंडी होता. सातशेहून जास्त वर्षं या धातूचा अर्थ आपल्याकडे 'जाणणं' हाच आहे. बोलीतही तसंच. आपण 'कळलं' म्हणतो तेव्हा समजलं असतं, 'कळ आली' म्हणतो तेव्हा दुखलेलं असतं आणि 'कळवळा' म्हणतो तेव्हा दुसऱ्याचं दुखणं आपल्यापर्यंत पोचलेलं असतं. या तिघांच्या व्युत्पत्ती व्याकरणकारांनी जुळवाव्यात की नाही ते त्यांनी पाहावं. मराठी कानाला ते एकाच घरातले वाटतात एवढं मला पुरे आहे.

तर संवेदनशील म्हणजे ज्याला जाणवतं तो. आणि जाणवणं हे काम माणसाचं आहे. आळीला जाणवत नाही, मतदान केंद्राला जाणवत नाही, डोंगराला जाणवत नाही. जाणवायला हवं ते पोलीस अधीक्षकाला, तहसीलदाराला, पालकमंत्र्याला, बातमी लिहिणाऱ्याला, शेजारच्या पेठेतल्या आईला. माझी तक्रार इतकीच आहे की गेल्या काही दशकांत आपण हा शब्द ज्याच्या अंगी हवा त्याच्या अंगावरून काढला आणि ज्याला इजा होते त्याच्या कपाळी चिकटवला. इजा करणाऱ्याला आणि राखण करणाऱ्याला मग काहीच जाणवावं लागत नाही.

घरात हे रोज घडतं. सासरी टोचून बोललं गेलं, मुलगी गप्प झाली, की कोणीतरी म्हणतं, "ती जरा जास्तच सेन्सिटिव्ह आहे." ऑफिसात साहेबाने चारचौघांत पाणउतारा केला आणि डोळ्यांत पाणी आलं, की "एवढं मनाला लावून घेऊ नकोस." बोलणं कसं होतं याची चर्चाच संपते. चर्चा सुरू होते ती लागलेल्या माणसाच्या कातडीच्या जाडीची. मराठीत अशा माणसाला हळवा म्हणतात, आणि हळवेपणा वेगळा. हळव्या माणसाला स्वतःचं लवकर लागतं. संवेदनशील माणसाला दुसऱ्याचं लागतं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण एक असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही. स्वतःच्या मानापमानाला अत्यंत हळवी आणि दुसऱ्याच्या बाबतीत दगड असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली बरीच सत्तेच्या खुर्चीवर असतात.

निवडणुकीच्या भाषेत तर अर्थाची सरळ अदलाबदल झाली आहे. निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीआधी दोन गोष्टी तपासतो. एक म्हणजे कुठल्या केंद्रावर मागे फेरमतदान झालं, कुठे बहुतांश मतं एकाच उमेदवाराला गेली, कुठे गडबड झाली. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे: कुठल्या वस्तीतल्या मतदारांना धमकावलं जाण्याची, मतदानाला जाऊ न देण्याची भीती आहे. या पाहणीला आयोग 'वल्नरेबिलिटी मॅपिंग' म्हणतो. म्हणजे दुबळा कोण, त्याला दाबणारा कोण, याचा शोध. दाबणाऱ्याचं नाव काढायचं आणि त्याच्यावर आधीच कारवाई करायची, असा तिचा हेतू. पण बातमीत आणि बोलण्यात हे सगळं एका शब्दात कोंबलं जातं: 'जिल्ह्यातील इतकी केंद्रे संवेदनशील.' वाचणाऱ्याला वाटतं, ही माणसं भडक डोक्याची, इथे राडे होतात. ज्या वाडीवरच्या लोकांना गावातला पाटील दम देतो ती वाडी संवेदनशील ठरते आणि पाटलाचा वाडा शांत भागात मोडतो. इथे 'धाकाखालची वस्ती' असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता की धाक कोणाचा.

हीच उलटापालट दुसऱ्या बाजूने पाहायची असेल तर भावना दुखावण्याच्या प्रकरणांकडे पाहावं. इथे दणकट माणूस जखमीचं नाव घेतो. भारतीय दंड संहितेत २९५अ हे कलम १९२७ साली आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ आहे. कलमाची शब्दयोजना नीट वाचली तर त्यात नुसती भावना दुखावणं पुरत नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान केलेला असावा लागतो. ही अट विनाकारण घातलेली नाही. पण व्यवहारात पाचपन्नास माणसं नाट्यगृहाच्या दारात जमतात, एक पत्र देतात, पोलीस 'विषय संवेदनशील आहे' म्हणून आयोजकाला बोलावतात आणि प्रयोग रद्द होतो. हेतूची चौकशी होत नाही, कारण गुन्हा नोंदवण्याचीही वेळ येत नाही. एक शब्द उच्चारला की काम भागतं.

याला उत्तर आपल्याच भूमीत दिलं गेलं आहे, आणि ते प्रत्येक ठाण्यात लावून ठेवण्याच्या लायकीचं आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती विवियन बोस यांच्यासमोर एक खटला होता. त्यात त्यांनी माप घालून दिलं: शब्दांचा परिणाम जोखायचा तो शहाण्या, खंबीर, धीराच्या माणसाच्या दृष्टीने, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या दृष्टीने नव्हे आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या दृष्टीने तर नव्हेच. १९८८ मध्ये फाळणीवरच्या दूरदर्शन मालिकेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा हेच माप लावलं गेलं. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द करतानाही न्यायालयाने पुन्हा तेच उचललं. नागपुरात घडलेलं माप पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. तरी एखाद्या तालुक्याच्या गावी नाटक थांबवताना ते कोणाला आठवत नाही.

कोणी म्हणेल, मग लोकांना काहीच लागू नये असं तुमचं म्हणणं आहे का? नाही. पिढ्यान्‌पिढ्या जातीवाचक शिव्या खाल्लेल्या माणसाला ती शिवी लागते, तिच्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो असायलाच हवा. फरक कुठे आहे तो ओळखायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. ज्याला लागलं त्याच्या हातात समोरच्याला गप्प करायची ताकद आधीपासून आहे का, हे पाहायचं. असेल तर ते दुखणं नव्हे, तो दम आहे. नसेल तर ते ऐकून घ्यायलाच हवं.

आता मी ज्या गोष्टीमुळे या विषयाकडे पुन्हा वळले ती सांगते. विदर्भातल्या एका गावात आशाताईंबरोबर दिवसभर फिरण्याची संधी मला मिळाली होती. कुष्ठरोगाची घरोघर तपासणी चालू होती. देशपातळीवर हा रोग आटोक्यात आल्याचं २००५ साली जाहीर झालं, पण विदर्भात आणि पालघरच्या पट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात. एका ओसरीवर पंचेचाळीस-पन्नासची बाई बसली होती, दंडावर फिकट चट्टा. आशाताईंनी खिशातलं साधं बॉलपेन काढलं. "ताई, डोळे मिटा. मी जिथं टेकवीन तिथं बोट ठेवा." पेन आधी मनगटाला टेकवलं, बाईने बरोबर तिथे बोट ठेवलं. कोपराशी टेकवलं, तिथेही ठेवलं. मग चट्ट्यावर टेकवलं. बाई डोळे मिटून शांत बसून होती. पुन्हा टेकवलं. ती वाट पाहत होती. "टेकवा ना," ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. पेन तिच्या दंडावरच होतं.

पुढे वैद्यकीय अधिकाऱ्याने समजावून सांगितलं ते बहुतेकांना माहीत नसतं. कुष्ठरोगात बोटं झडतात असं आपण म्हणतो, पण रोग बोटं खात नाही. तो मज्जातंतूंना इजा करतो, हात बधिर होतो आणि मग चुलीवरचं भांडं उचलताना भाजलेलं कळत नाही, पायात काटा मोडलेला कळत नाही. जखम चिघळते, कोणी लक्ष देत नाही कारण दुखत नाही. असं वर्षानुवर्षं होऊन बोट जातं. म्हणजे दुखणं हे शरीराचं राखणदार आहे. ते गेलं की शरीर स्वतःच स्वतःला इजा करत राहतं आणि त्याला पत्ता नसतो. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार फुकट मिळतो आणि वेळेत सुरू केला तर ही बधिरता पुढचं नुकसान करायच्या आत रोखता येते. त्या बाईचं नाव त्याच दिवशी नोंदलं गेलं.

राज्य चालवणाऱ्यांना संवेदना हवी ती या अर्थाने. कोणाची तरी दया यावी म्हणून नव्हे. कुठे भाजतं आहे हे कळावं म्हणून. ज्याला कळत नाही तो निष्ठुर असेलच असं नाही, तो बधिर असतो, आणि बधिर हात विस्तवावर तसाच राहतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर आदिवासींची वाडी, पन्नासच्या आत घरं, वर जायला गाडीरस्ता नाही. मदतीची पथकं पावसात अंधारात चढून गेली, यंत्रं वर नेता येईनात म्हणून फावडी-कुदळींनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आणि सरकारनेच सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती.

माझ्या आळीचं नाव यादीतून निघत नव्हतं आणि इर्शाळवाडीचं नाव यादीत येत नव्हतं. या दोन याद्या मी शेजारी शेजारी ठेवते तेव्हा मला राग येतो. एक यादी भीतीने केलेली, दुसरी न चढता केलेली. दोन्ही ठिकाणी कोणी जाऊन, बसून, विचारलेलं नाही. डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात कुठल्या भेगेतून पाणी यायला लागलं, कुठलं झाड कललं, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ का झालं हे दिसत असतं. माळीणची दरड ३० जुलै २०१४ ला सकाळी कोसळली, १५१ माणसं गेली. त्यानंतर नऊ वर्षं मिळाली होती.

पश्चिम घाटाला संवेदनशील म्हणावं की नाही याचा वाद तर त्याहून जुना आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये. २०१४ पासून केंद्राने अधिसूचनेचे मसुदे काढायला सुरुवात केली आणि सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये गावं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, महाराष्ट्राच्या वाट्याला १७,३४० चौरस किलोमीटर. दहा वर्षांत सहा मसुदे. कोकणात या शब्दाचं नाव काढलं की सभेत ओरडा होतो, आणि मला त्या ओरडणाऱ्यांचा राग येत नाही. त्यांना 'संवेदनशील' म्हणजे घराला खोली वाढवायला परवानगी काढा, गोठ्याला परवानगी काढा, कलमांना परवानगी काढा असंच सांगण्यात आलं. डोंगर पोखरणाऱ्या खाणवाल्याने शेतकऱ्याला पुढे केलं, हेही खरं.

पण गाडगीळ समितीच्या अहवालात एक गोष्ट आहे जी सभांमध्ये कोणी सांगत नाही. सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्गाच्या पट्ट्यातल्या २५ गावांनी ग्रामसभेत ठराव करून स्वतःहून कळवलं होतं की आमचं गाव पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात घ्या. खाणी येऊ घातल्या होत्या आणि त्यांना त्या नको होत्या. तोच शब्द, पण इथे तो वरून आला नव्हता. लोकांनी आपल्या ओढ्याला आणि बागेला काय लागतं ते जाणून स्वतः उच्चारला होता. गाडगीळ समितीचा सगळा भर यावर होता की काय राखायचं आणि काय करायचं ते ग्रामसभेशी बोलून ठरावं. तो भर गळाला आणि नकाशे उरले.

आणि माथेरान. २००३ साली ते पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं, मोटारगाड्यांना तिथे बंदी आहे, आणि त्या लाल मातीसाठी, त्या झाडीसाठी ती बंदी योग्यच आहे. पण दस्तुरी नाक्यावर उतरलं की समोर हातरिक्षा उभ्या असायच्या. पुढे एक जण दांडी धरून ओढतो, मागून दुसरे ढकलतात, आत धडधाकट पर्यटक बसलेला. चढावर ढकलणाऱ्याच्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट होतात आणि तोंडातून आवाज येतो तो श्वासाचा नसतो, कण्हण्याचा असतो. मी एकदा आईला घेऊन त्यात बसले आहे, तिचे गुडघे गेले होते. ती अर्ध्या वाटेत म्हणाली, "उतरव मला, हे पाप आहे." चालवत नव्हतं तरी ती उतरली आणि आम्ही थांबत थांबत बाजारापर्यंत गेलो. रिक्षावाल्यांनी पूर्ण पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, ते तिनं त्यांना द्यायला लावले. मातीला संवेदनशील ठरवणाऱ्या कागदात त्या माणसांच्या छातीचा उल्लेख नव्हता. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवून सहा महिन्यांत बंद करायला आणि त्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. मागणी मुळात रिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूनेच वर्षानुवर्षं होत होती. ई-रिक्षा आल्या की घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न येतो, तोही ऐकावा लागेल. पण मातीला धक्का न लावता माणसाला माणसाने ओढणं थांबवता येतं, हे ठरवायला २००३ पासून बावीस वर्षं लागावीत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. बातमीत, परिपत्रकात, भाषणात जागेला संवेदनशील म्हणणं थांबवा आणि त्या ठिकाणी कारण लिहा. 'या वस्तीतल्या मतदारांना धमक्या आल्या आहेत.' 'या उताराला भेगा पडल्या आहेत.' 'या चौकात अमुक साली दंगल झाली, त्यानंतर झालेली नाही.' कारण लिहिलं की ते तपासता येतं, खोडता येतं, जुनं झालं की काढता येतं. विशेषणाला कोणी तारीख विचारत नाही. यादीत नाव घालताना त्या गावाला, त्या आळीला लेखी कळवा आणि काढायची मुदतही लिहा. अधिकारी जेव्हा 'विषय संवेदनशील आहे, बोलता येणार नाही' म्हणतो तेव्हा पत्रकाराने पुढचा प्रश्न विचारावा: कोणाला काय लागेल म्हणून बोलता येत नाही? तपासातल्या पीडित मुलीला त्रास होणार असेल तर जरूर बोलू नका. कंत्राटदाराला त्रास होणार असेल तर बोला.

शांतता समितीच्या बैठका आमच्या गावात अजून होतात. मागच्या वर्षी मी गेले होते. दोन्ही बाजूंचे तेच ते वीस पुरुष, चहा, बिस्किटं, सगळ्यांचं 'पूर्ण सहकार्य'. मी उठून विचारलं की आळीचं नाव कुठल्या घटनेवरून यादीत आहे. ठाणेदार नवे होते, वयाने माझ्या भाच्याएवढे. त्यांनी टाळलं नाही. फाईल मागवली, चाळली, आणि म्हणाले, "ताई, कारणाचा रकाना कोरा आहे." मग त्यांनी पेन काढून स्वतःच्या डायरीत आळीचं नाव लिहिलं आणि विचारलं, "तिथं कोणाशी बोलावं लागेल?"

मी चाचींचं घर सांगितलं. त्या आता ऐंशीच्या आहेत, ऐकायला कमी येतं, पण तो प्रश्न त्यांच्या लक्षात आहे.